पुस्तकाच्या दुकानात वाचनकट्टा कसा चालवावा : बडोद्याच्या मराठी वाचकांसाठी

बडोद्यात एखादं मराठी पुस्तक हवं असलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "पुण्याहून येणारं कुणी आहे का?" दुकानदाराला विचारावं तर तो म्हणतो, मागवलं तर घेणार कोण? दोघांचंही खरं आहे. हा तिढा सोडवायचा मला दिसणारा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे दुकानातच भरणारा वाचनकट्टा. महिन्याला एक पुस्तक, त्याच्या आठ-दहा प्रती ठरलेल्या, पैसे आधी जमा. एवढं नेमाने झालं की दुकानदार मराठीसाठी एक फळी मोकळी करतो, आणि त्या फळीवर कट्ट्याबाहेरच्या माणसाचीही नजर पडते. गप्पा, ओळखी, संध्याकाळ चांगली जाणं हे सगळं होतंच. पण कट्टा आखताना आधी दुकानाचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

या गावाला वाचनाची हौस नवी नाही. १९०९, १९२१ आणि १९३४ साली मराठी साहित्य संमेलनं इथे भरली, आणि २०१८ साली ९१वं अखिल भारतीय संमेलनही बडोद्यातच झालं. सयाजीराव गायकवाड १९०६च्या अमेरिका दौऱ्यात तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहून आले आणि १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून घेतलं. संस्थानातल्या गावागावांत वाचनालयं निघाली, जिथे निघाली नाहीत तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. गावाने वाचनालयासाठी एक हिस्सा वर्गणी काढली, की एक हिस्सा प्रांत पंचायत आणि एक हिस्सा सरकार घालत असे. ही तीन हिश्शांची रीत लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या बोलण्यात ती कामाला येईल.

दुकान निवडणं आणि दुकानदाराशी बोलणं

मराठी वस्ती दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागात जुनी, पण आज निम्मी मंडळी मांजलपूर, गोत्री, कारेलीबागेत राहायला गेली आहेत. म्हणून दुकान निवडताना "मराठी भाग कुठला" यापेक्षा तिथे स्कूटर लावता येते का, हे आधी बघा. दुसरं, जिने. सत्तरी ओलांडलेले वाचक हे कुठल्याही मराठी कट्ट्याचा कणा असतात, आणि दुसऱ्या मजल्यावरचं छान सजवलेलं दुकान त्यांच्या उपयोगाचं नाही. तिसरं, आवाज. संध्याकाळी सहा वाजता दुकानात पाच मिनिटं नुसते उभे राहा. रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसेल, तर दुसरं दुकान बघा. बारा प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडता येतील एवढी जागा पुरे. प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह आहे का, हे मात्र संकोच न करता विचारा.

दुकानदाराकडे जाताना वेळ साधा. शाळा उघडायच्या सुमारास, म्हणजे जूनमध्ये, पुस्तकाचं दुकान पाठ्यपुस्तकं, वह्या आणि कव्हरांत बुडालेलं असतं. तेव्हा हा विषय काढलात तर नकारच येईल. जुलैच्या अखेरीला, मधल्या वारी, दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा. एकट्याने जाऊ नका आणि पाचजणांनीही जाऊ नका, दोघं बरे.

बोलताना जागा फुकट मागायला आलो आहोत, असा सूर ठेवू नका. दुकानदार गुजराती असला तर सरळ त्याच्या भाषेत सांगा, "भाई, दर महिने आठ कॉपी अमे तमारी पासेथी ज लईशुं." हे एक वाक्य बाकी सगळ्या विनंत्यांपेक्षा जास्त काम करतं. मग चार गोष्टी कागदावर लिहून द्या: महिन्यातला कुठला दिवस, किती ते किती वाजता, जास्तीत जास्त किती माणसं, आणि शेवटी खुर्च्या उचलून दुकान पूर्ववत कोण लावणार. चौथी गोष्ट लोक विसरतात, दुकानदाराला मात्र तीच आधी आठवते. दिवसभर उभा राहिलेला त्याचा माणूस रात्री तुमच्यासाठी थांबणार असेल, तर त्याच्या चहापाण्याचं तुम्ही बघायला हवं.

सुरुवातीला तीन महिन्यांचंच बोला. तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने ठरवायचं. वर्षभराचा शब्द आधीच मागितला की माणूस बिचकतो.

दिवस आणि वेळ

दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, ही वेळ बहुतेकांना जमते. दुकान बंद असतं त्या दिवशी भेटायचा मोह टाळा. शांतता मिळते खरी, पण गिऱ्हाईक येत-जात असताना कट्टा चालला की कुणीतरी थबकून ऐकतं, पुस्तकाचं नाव विचारतं. दुकानाचा फायदा त्यातच आहे.

बडोद्याचं पंचांग आधीच मांडून घ्या. गणपतीत प्रत्येकाची आरती वेगळ्या घरी, आणि नवरात्रात तर गरब्यापुढे कुठलंच पुस्तक टिकत नाही. दिवाळी ते बेसतं वर्ष गाव रिकामं, १४ आणि १५ जानेवारीला सगळे गच्चीवर, मार्चमध्ये ज्यांच्या घरी बोर्डाची परीक्षा ते गायब. हे सगळं वजा केलं की वर्षाला नऊ-दहा बैठका होतात. नऊ ठरवा आणि नऊ करा. एप्रिल-मेमध्ये वेळ सातची करा, कारण सहाला रस्ता अजून तापलेला असतो. पावसाळ्याची तारीख हवामान बघून पक्की करा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, ते कुणी विसरलेलं नाही. तळमजल्यावरच्या दुकानात कट्ट्याच्या प्रती ठेवायच्या असतील तर त्या वरच्या फळीवरच ठेवायला सांगा.

माणसं जमवणं

सहा ते बारा. बाराच्या वर गेलं की ते व्याख्यान होतं, पाचाच्या खाली दुकानदाराला प्रतींचं गणित बसत नाही.

आमच्याकडच्या मराठी घरांत वाचणारे तीन प्रकारचे असतात आणि तिघांची गरज वेगळी. आजी-आजोबांचं वाचन आयुष्यभराचं, त्यांना सोबत हवी असते. मधली पिढी गुजराती माध्यमात शिकली. घरी मराठी बोलते, देवनागरी हिंदीमुळे येते, पण मराठीचं दोनशे पानी पुस्तक हातात घेतलं की वेग मंदावतो आणि मग लाज वाटते. तिसरी, इंग्रजी माध्यमातली मुलं. त्यांना आजीची मराठी समजते, छापील मराठी जड जाते. ही तिन्ही माणसं एका वर्तुळात बसवता आली, तरच तो बडोद्याचा कट्टा. नुसते मुरलेले वाचक गोळा करणं सोपं आहे, पण असा कट्टा पाच-सात वर्षांत आपोआप बंद पडतो.

मधल्या पिढीसाठी एक साधी गोष्ट करा. पुस्तक जाहीर करतानाच दिवसाला आठ पानं असा हिशेब लिहून द्या, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक पंचवीस दिवसांत होतं. ज्यांना ऐकणं सोपं जातं त्यांनी ऐकावं, स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं बरीच आहेत. गुजराती किंवा हिंदी अनुवाद वाचून आलेल्यालाही तितकाच मान द्या, बोलणं मराठीत झालं म्हणजे झालं. आणि कुणाची मराठी सुधारायला जाऊ नका. "मी पुस्तक वाचून काढली" असं कुणी म्हणालं तर अर्थ कळला ना? मग पुढे चला. इथल्या मराठीत गुजरातीचे शब्द येणारच, ती शतकाहून जास्त काळ या शेजारात राहिली आहे. भर बैठकीत टोकलेला माणूस पुढच्या महिन्यात येत नाही.

निरोप कुठे लावायचा? दुकानाच्या काउंटरवर, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मराठी विभागात, ओळखीच्या गणेश मंडळात. कागदावर पुस्तकाचं नाव, तारीख, वेळ आणि "पुस्तक पूर्ण झालं नसलं तरी या" एवढंच. व्हॉट्सॲपचा गट करा, पण तो फक्त सूचनांसाठी. सुप्रभाताचे संदेश सुरू झाले की बैठकीची सूचना त्यात हरवते, म्हणून संदेश टाकायची मुभा दोघा-तिघांनाच ठेवा.

पुस्तक निवडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बहुतेक कट्टे चुकीच्या पुस्तकावर अडखळतात.

पहिली अट, पुस्तक बाजारात आहे का? मत घेण्याआधी दुकानदाराला नावं द्या आणि त्याला प्रकाशकाकडे किंवा वितरकाकडे चौकशी करू द्या. मराठीत गाजलेली पुस्तकंही आवृत्ती संपली की वर्षानुवर्षं मिळत नाहीत, आणि सगळ्यांनी हौसेने निवडलेलं पुस्तक मिळालंच नाही तर उत्साह तिथेच मावळतो. दुसरी अट, दीडशे ते दोनशे पानं. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी पहिल्या वर्षात नको. ती वाचलेले दोघं बोलतात आणि बाकीचे माना डोलवतात. तिसरी अट, सुचवणाऱ्याने ते स्वतः पूर्ण वाचलेलं असावं. "ऐकलंय की छान आहे" चालणार नाही. प्रत्येक वेळी तीन नावं पुढे यावीत, सुचवणाऱ्याने दोन-दोन मिनिटं बोलावं आणि हात वर करून ठरावं.

सुरुवात कथासंग्रहाने करा. सगळा संग्रह न वाचणाऱ्यालाही दोन कथांवर बोलता येतं, आणि कुठली कथा कुणाला का भिडली यातून माणसं एकमेकांना कळू लागतात. मग आत्मकथन घ्या. मराठीतली दलित आत्मकथनं तर घ्याच. आपल्याच भाषेत लिहिलेलं, पण आपल्या वाड्यातून कधी न दिसलेलं जग त्यांत आहे, आणि त्यावर सगळ्यांनी मिळून बोलायला हवं. एकदा नाटक घ्या आणि भूमिका वाटून मोठ्याने वाचा. ज्यांची वाचायची गती कमी, ते इथे खुलतात, कारण आजींचा आवाज ऐकत ऐकत नातू पुढची ओळ धरतो. कवितेसाठी पूर्ण संग्रह लावू नका, प्रत्येकाने एक कविता आणावी आणि दोनदा वाचावी. वर्षातून एकदा गुजरातीतून मराठीत आलेलं पुस्तक असावं. त्या दिवशी दुकानदारालाही खुर्चीवर बसवा, मूळ पुस्तक बहुधा त्याने वाचलेलं असतं.

दिवाळीनंतरची बैठक दिवाळी अंकांची. मराठीत ही प्रथा १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाच्या अंकाने सुरू झाली, आणि बडोद्यातलं पहिलं संमेलनही त्याच वर्षातलं. प्रत्येकाने वेगळा अंक घ्यायचा आणि बैठकीत अदलाबदल करायची. एका अंकाच्या किमतीत आठ-दहा अंक वाचून होतात. फक्त दुकानदाराला नवरात्राआधी यादी द्या, अंकांची नोंदणी लवकर करावी लागते. दर फेब्रुवारीत एक बैठक २७ तारखेच्या, मराठी भाषा गौरव दिनाच्या, आगेमागे ठेवा आणि सगळ्यांसाठी खुली करा.

प्रती मागवणं

बैठकीच्या सहा आठवडे आधी नावं लिहून घ्या आणि पैसे तेव्हाच जमा करा. "नंतर देतो" यावर चाललेली मागणी दुकानदाराच्या अंगावर पडते. यूपीआयने थेट दुकानाच्या खात्यात भरणं उत्तम, मध्ये कुणी खजिनदार लागत नाही. मागवताना एक प्रत जास्त मागवायला सांगा. ती काउंटरवर "या महिन्याचं पुस्तक" अशी चिठ्ठी लावून उभी राहील, आणि नसेल विकली गेली तर कट्ट्याने घ्यायची.

सवलतीसाठी घासाघीस करू नका. दुकानदाराला प्रकाशकाकडून जे कमिशन मिळतं त्यातच कुरियर, जागा, माणसाचा पगार असतो. त्याने आपणहून दहा टक्के सोडले तर आभार माना. आणि ऑनलाइन चाळीस रुपये स्वस्त मिळालं म्हणून तिकडून मागवलेलं पुस्तक घेऊन याच दुकानाच्या खुर्चीवर बसणं मला पटत नाही. हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना स्पष्ट सांगावं. ज्याला विकत घेणं परवडत नाही त्याच्यासाठी कट्ट्याच्या दोन प्रती फिरत्या ठेवा. त्या कुणाकडे आहेत, हे चारचौघांत विचारायचं नाही.

आवृत्ती संपलेलं पुस्तक हवंच असेल तर आधी लायब्ररीत बघा. पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढून वाटू नका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात. त्याआधीच्या जुन्या लेखकांचं साहित्य मात्र मोकळं आहे. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, त्यांची एखादी गोष्ट छापून सगळ्यांना देण्यात काहीच अडचण नाही. असं बरंच साहित्य मराठी विकिस्रोतावर टंकलेलं मिळतं, अक्षर हवं तेवढं मोठं करून छापता येतं, आणि ज्येष्ठांना त्याचा फार उपयोग होतो.

प्रत्यक्ष बैठक

दर वेळी सूत्रधार वेगळा. त्याचं काम बोलणं नाही, बोलतं करणं. नव्वद मिनिटांची आखणी अशी चांगली चालते.

पहिली पंधरा-वीस मिनिटं फेरी. प्रत्येकाने पुस्तकातला आपण खूण केलेला एक उतारा वाचायचा, पान सांगायचं आणि थांबायचं. मत नाही, कारण नाही. याने दोन गोष्टी साधतात: बुजरा माणूसही पहिल्या पाच-दहा मिनिटांत बोललेला असतो, आणि पुस्तकाची भाषा खोलीत हजर होते. एकच उतारा दोघांनी आणला की चर्चेची सुरुवात तिथून करा. पानांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून प्रकरणही सांगायची सवय लावा.

मग तासभर चर्चा. "कसं वाटलं?" या प्रश्नाला "छान" हेच उत्तर येतं, तो विचारूच नका. सूत्रधाराने घरून चार प्रश्न आणावेत, आणि ते पुस्तकात बोट ठेवून विचारलेले असावेत. ही बाई तेव्हा घर सोडून का गेली नाही? हा प्रसंग मुलाच्या तोंडून सांगितला, वडिलांच्या तोंडून का नाही? कुठल्या पानाशी तुम्ही पुस्तक मिटून ठेवलंत? शेवटचा प्रश्न अर्धवट वाचलेल्यालाही बोलतं करतो. लेखकाचं चरित्र पाच मिनिटांत उरका. जन्म, शिक्षण, पुरस्कार असं सगळं वाचून दाखवलं की अर्धी संध्याकाळ जाते आणि पुस्तक बाजूलाच राहतं.

प्रत्येक कट्ट्यात एक तरी काका असतात, भरपूर वाचलेले, आणि एकदा सुरू झाले की वीस मिनिटं थांबत नाहीत. त्यांचं ज्ञान कट्ट्याला हवं असतं, म्हणून त्यांना गप्प करू नका. बैठकीआधी फोन करून सांगा, "काका, आज त्या काळाची पार्श्वभूमी तुम्ही सांगा, सात मिनिटं ठेवली आहेत." वेळ आधी ठरली की ते स्वतःच घड्याळ बघतात. मध्येच थांबवायची वेळ आली तर, "काका, यावर अजून ऐकायचंय, आधी ताईंचं राहिलंय ते घेऊ," एवढं म्हटलं की मानही राहतो.

जात, धर्म, राजकारण यांवर आवाज चढणारच, चांगली पुस्तकं तिथेच हात घालतात. विषय टाळू नका. फक्त सूत्रधाराने एकच गोष्ट विचारत राहावी, "हे पुस्तकात कुठे आहे?" पान उघडून वाचायला लागलं की बोलणं पुन्हा जमिनीवर येतं. पानच सापडलं नाही, तर तो वाद चहाच्या वेळेसाठी ठेवावा.

शेवटची दहा मिनिटं पुढचं पुस्तक, फिरत्या प्रती परत आणि खुर्च्या.

खाणं पुस्तकं पिशवीत गेल्यावरच. लीलो चिवडा हा बडोद्याचा मान, पण त्याची तेलकट बोटं दुकानातल्या नव्या पुस्तकांना लागली तर त्या प्रती कुणी घेत नाही. कोरडा खाऊ आणि शेजारच्या लारीवरचा चहा पुरतो.

पैसे

खर्च थोडाच असतो: चहा, झेरॉक्स, फिरत्या प्रती, दुकानाच्या माणसाचे काही रुपये. इथे ती संस्थानी तीन हिश्शांची रीत वापरा. एक हिस्सा सगळ्यांच्या सारख्या वर्गणीतून. एक हिस्सा ज्यांना जास्त देणं जमतं त्यांच्याकडून, नाव जाहीर न करता. तिसरा दुकानाचा, पण तो रोख मागू नका. जागा, दिवे, पंखे हाच तो हिस्सा, आणि हिशेबाच्या वहीत तो तसा शब्दांत लिहा. दुकानदार ती वही बघतो तेव्हा आपलं देणं कुणी तरी मोजलं आहे, हे त्याला दिसतं.

लेखकाला बोलावणं

वर्षातून एकदा, त्याहून जास्त नाही. त्यांचं पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं असेल तरच. शाल-श्रीफळापेक्षा प्रवासखर्च आणि दुकानात त्यांच्या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती हा खरा सत्कार. पुण्या-मुंबईहून येणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर अर्धा तास पुरे, प्रश्न दोन दिवस आधी पाठवा. आणि त्या दिवशीही उताऱ्यांची फेरी चुकवू नका. आपली वाक्यं बडोद्यातल्या आवाजांत ऐकणं लेखकालाही हवंच असतं.

वर्ष संपल्यावर

एक वही सुरुवातीपासून ठेवा: तारीख, पुस्तक, आलेली माणसं, विकलेल्या प्रती, आणि बैठकीतलं एखादं लक्षात राहिलेलं वाक्य. मध्ये एखाद्या महिन्यात चौघंच आले तरी बैठक रद्द करू नका, चौघांतली चर्चा अनेकदा बारांपेक्षा खोल जाते. वर्ष पूर्ण झालं की ही वही घेऊन दुकानदारापुढे बसा आणि त्याची विक्रीची नोंद शेजारी ठेवा. कट्ट्याबाहेरच्या लोकांनी यातली कुठली पुस्तकं नेली, कुणी काय विचारलं आणि मिळालं नाही, हे त्याच्याकडून लिहून घ्या. जी दोन-तीन नावं बाहेरच्यांनीही नेली, ती कायम दुकानात ठेवायला सांगा, आणि त्यांच्या शेजारी पुढच्या वर्षाच्या पहिल्या तीन पुस्तकांची मागणी त्याच दिवशी नोंदवून या.